दिवाळी अंकाचा लेख: थॅडियस स्टीव्हन्स (प्रकल्प नोंदी)

14 मे

कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागली, तेव्हा आता कबूल केलेल्या लेखाला हात घालायला हरकत नाही. संपादकबाईंना फोनवर विषय सांगितला: थॅडियस स्टीव्हन्स. त्या म्हणाल्या, "कोण हो हा, वकीलसाहेब?" हा प्रश्न येणार हे धरूनच चाललो होतो. लिंकनवर मराठीत रग्गड आहे. इतकं, की त्यानं हेडमास्तरांना लिहिलं म्हणून जे पत्र शाळाशाळांतून फ्रेम करून टांगलेलं असतं, ते त्याचं असल्याचा कसलाही पुरावा नाही हे सांगायला गेलं तर लोक रागावतात. पण गुलामी संपल्यावर मोकळ्या झालेल्या माणसाला कायद्याच्या कागदावर नागरिक कुणी आणि कसं केलं, यावर आपल्याकडे चार ओळी मिळत नाहीत. त्या कामात सगळ्यांत पुढे होता हा पेनसिल्व्हेनियाचा लंगडा, विग घालणारा, जिभेला धार असलेला वकील.

बाईंनी तीन हजार शब्द दिलेत आणि 15 ऑगस्टची मुदत. "जन्म, शिक्षण, कार्य, निधन असं नको हं," एवढीच अट घातली. मलाही तसं नकोच आहे. या माणसाचं आयुष्य एका वकिलाच्या नजरेनं वाचायचं: कलम कुठलं, त्यात फट कुठे, ती कुणासाठी वापरली.

17 मे

टिपणं काढायला सुरुवात. 4 एप्रिल 1792, व्हरमाँट राज्यातलं डॅनव्हिल. जन्मतः एक पाऊल वाकडं. बाप जोशुआ चांभारकाम आणि जमीनमोजणी करायचा, पुढे घर सोडून निघून गेला. आई सेरानं मुलं वाढवली आणि त्यातल्या या लंगड्या मुलानं शिकायचंच असं ठरवून शाळेसाठी पीचम गावी बिऱ्हाड हलवलं. 1814 मध्ये डार्टमथ कॉलेजातून पदवी. मग पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावी मास्तरकी आणि फावल्या वेळात कायद्याचा अभ्यास.

यापुढचा भाग कुठल्याही बार रूममध्ये चवीनं ऐकला जाईल. यॉर्कच्या वकिलांनी नियम केला की दुसरा पेशा करत कायदा शिकलेल्याला सनद मिळणार नाही. हा शहाणा सरळ राज्याची हद्द ओलांडून मेरीलँडमधल्या बेल एअरला गेला. 1816 च्या ऑगस्टमधली गोष्ट. परीक्षक मंडळी आधी मदिरा वाइनच्या बाटल्या मागवायला लावून मगच प्रश्नांकडे वळली, प्रश्न मोजून दोनचार, आणि सनद हातात. त्यानंतर पत्त्यांच्या डावात त्याच्या खिशातले बरेचसे पैसेही त्यांनी काढून घेतले. आख्यायिकेचा वास आहे, म्हणून लेखात 'असं सांगतात' घालूनच देणार. पण नियम आडवा आला तर डोकं आपटायचं नाही, हद्द कुठे संपते ते बघायचं, ही सवय या माणसाला तेव्हापासूनची दिसते.

20 मे

आज जी गोष्ट मांडायची आहे ती टाळता आली असती. बऱ्याच गौरवलेखांत टाळलेली आहेच.

1821. स्टीव्हन्स तेव्हा गेटिसबर्गला वकिली करतोय. (हो, तेच गेटिसबर्ग, यादवी युद्धातली मोठी लढाई तिथे व्हायला अजून 42 वर्षं आहेत.) पेनसिल्व्हेनियाच्या 1780 च्या कायद्यानुसार बाहेरच्या मालकानं गुलाम राज्यात आणून सहा महिने ठेवला, तर तो गुलाम मोकळा. चॅरिटी बटलर नावाच्या बाईनं याच आधारावर स्वतःचं आणि आपल्या मुलींचं स्वातंत्र्य मागितलं. मेरीलँडचा तिचा मालक नॉर्मन ब्रूस, आणि ब्रूसचा वकील थॅडियस स्टीव्हन्स. त्याचा युक्तिवाद असा, की सहा महिने सलग भरले पाहिजेत, अधूनमधूनच्या मुक्कामांची बेरीज धरता येणार नाही. वरच्या कोर्टानं ते उचलून धरलं. चॅरिटी आणि मुली गुलामच राहिल्या.

पुढे त्यानं यावर स्वतः काही लिहून ठेवलेलं मला आढळलं नाही. 'या खटल्याच्या पश्चात्तापातून तो गुलामीविरोधी झाला' असं जोडून देणं सोपं आहे, वाचकालाही आवडेल. मी नाही जोडणार. मुद्दा कायद्यानं बरोबर होता आणि त्यापायी तीन जीव गेले पुन्हा दावणीला. कुठलंही विशेषण न लावता एवढंच लिहायचं, आणि लेखाच्या पहिल्या पानावर लिहायचं.

27 मे

शाळांचा भाग. 1834 मध्ये पेनसिल्व्हेनियानं सार्वजनिक खर्चानं चालणाऱ्या मोफत शाळांचा कायदा केला. लगेच बोंब उठली: आमच्या पट्टीच्या पैशानं दुसऱ्याची पोरं का शिकवायची? वर्षभरात राज्याच्या सेनेटनं, म्हणजे वरच्या सभागृहानं, कायदा रद्द करायचं ठरवलंसुद्धा. त्या वेळी स्टीव्हन्स राज्याच्या प्रतिनिधिगृहात होता. 11 एप्रिल 1835 ला तो उभा राहिला. त्याच्या मतदारांनाही हा कर नकोच होता. पण भाषण संपलं तेव्हा सभागृहाचा कल फिरलेला होता. कायदा वाचला.

त्यातला एक मुद्दा मला फार आवडला. तो म्हणतो, तुम्ही चोराला तुरुंगात ठेवायला कर भरता, तेव्हा विचारता का, की माझ्या घरात चोर नाही मग मी का भरू? मग तो चोर होऊच नये म्हणून भरायला का रडता? आपल्याकडे जोतीरावांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे रयतेकडून वसूल होणाऱ्या पैशातून रयतेच्या पोरांना किती शिक्षण मिळतं, हा हिशेब मागितला होता. प्रश्न वेगळ्या बाजूनं आलाय, पण वही तीच.

4 जून

कोर्ट उघडलं. पहिल्याच दिवशी बोर्ड भरगच्च. लेखाला रात्रीशिवाय वेळ नाही.

संपादकबाईंचा निरोप: "आपल्या वाचकाचा काय संबंध, हे कुठेतरी येऊ द्या." संबंध ओढूनताणून आणायचा नाही, खरा आहे तेवढा पुरे. 1873 मध्ये 'गुलामगिरी' छापताना जोतीरावांनी पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यत्वातून मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल, निरपेक्षतेबद्दल. स्टीव्हन्सचं नाव त्यात नाही. तो जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. पुण्यात बसलेल्या माणसाला ज्या लोकांचं कौतुक वाटत होतं, त्यातला हा एक, एवढंच लिहीन.

9 जून

ख्रिस्तियानाचा खटला. 1842 मध्ये स्टीव्हन्स गेटिसबर्गहून लँकेस्टरला आला, आणि 1848 ला तिथूनच वॉशिंग्टनच्या काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेला. त्याच लँकेस्टर जिल्ह्यात 11 सप्टेंबर 1851 ला मेरीलँडचा एडवर्ड गोर्सच पळालेले गुलाम धरायला माणसं घेऊन आला. काळ्या वस्तीनं शस्त्रं घेऊन मुकाबला केला, गोर्सच मारला गेला. पळून गेलेल्यांना धरायला मदत करणं 1850 च्या कायद्यानं नागरिकांना बंधनकारक केलं होतं. सरकारनं त्याच्याही पुढे जाऊन 38 जणांवर थेट राजद्रोहाचा आरोप ठेवला. पहिला खटला उभा राहिला कॅस्टनर हॅनवे या गोऱ्या गिरणीवाल्यावर. त्याचा गुन्हा काय, तर घोड्यावरून तिथे आला आणि मार्शलला मदत करायला नाही म्हणाला.

स्टीव्हन्स बचावाच्या वकिलांत होता, पण मुख्य भाषण त्यानं जॉन रीडला करू दिलं. गुलामीविरोधी म्हणून आपलं नाव इतकं गाजलेलं, की आपण पुढे झालो तर खटल्याला राजकारणाचा रंग चढेल, असं बहुधा त्यानं ताडलं असावं. हे माझं अनुमान, पण सीनियर वकील असं करतात हे रोज पाहतो. ज्युरी पंधराएक मिनिटांत परत आली: निर्दोष. बाकीच्यांवरचा राजद्रोहही मग गळून पडला.

16 जून

आजची रात्र सत्कारणी लागली. काँग्रेसच्या त्या काळच्या कामकाजाचे छापील वृत्तांत नेटवर फुकट वाचायला मिळतात, अक्षर बारीक, तीन रकाने. 4 डिसेंबर 1865 चं पान उघडून बसलो. या लेखाचा गाभा इथे आहे, असं दोन वेळा वाचल्यावर पक्कं झालं.

परिस्थिती अशी. एप्रिलमध्ये गुलामीवरून पेटलेलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध संपलं, लिंकनचा खून झाला, अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाला. जॉन्सननं दक्षिणेतल्या राज्यांना भराभर माफी देऊन सरकारं उभी करू दिली. त्या सरकारांनी मोकळ्या झालेल्या काळ्या मजुरांना पुन्हा जखडणारे कायदे केले, आणि वर काँग्रेसवर आपले प्रतिनिधी निवडून धाडले. त्यांत कालपरवापर्यंत बंडखोर सैन्यात आणि सरकारात असलेलेही होते. एकदा का हे लोक बाकांवर बसले, की त्यांना उठवायचं कुणी?

तर त्यांना बसूच द्यायचं नाही. पण कसं? राष्ट्राध्यक्ष त्यांच्या बाजूचा, कोर्टात जाऊन उपयोग नाही. स्टीव्हन्सनं फट शोधली ती हजेरीपटात. नवीन सभागृह भरतं तेव्हा सभापती निवडलेला नसतो, सदस्यांची नावं पुकारायचं काम जुन्या सभागृहाचा क्लार्क करतो. यादी कशी करायची हे 1863 च्या एका कायद्यात सांगितलेलं. क्लार्क होता एडवर्ड मॅकफर्सन, गेटिसबर्गचा, स्टीव्हन्सच्याच तालमीत वाढलेला. दोन दिवस आधी, शनिवारी, स्टीव्हन्सच्या रिपब्लिकन पक्षाच्या बैठकीत सगळं ठरलं होतं.

दुपारी पुकारा सुरू झाला. राज्यामागून राज्य. टेनेसीचा होरेस मेनार्ड, जो युद्धभर उत्तरेशी इमान राखून होता, गव्हर्नरच्या सहीचं प्रमाणपत्र घेऊन बसलेला. त्याचं नाव येत नाही. तो उठून बोलायला जातो. क्लार्क म्हणतो, पुकारा चालू असताना मध्ये बोलता येणार नाही. मेनार्डला टेनेसीचा म्हणून बाहेर ठेवता, मग टेनेसीचाच राष्ट्राध्यक्ष व्हाइट हाउसमध्ये कुठल्या अधिकारानं बसलाय, असा खडा सवाल न्यूयॉर्कच्या जेम्स ब्रूक्सनं टाकला. सवाल बिनतोड आहे. क्लार्क म्हणाला, सभागृहाची इच्छा असेल तर नावं वगळण्याची कारणं सांगतो. तेवढ्यात स्टीव्हन्सचा आवाज: "गरज नाही. आम्हाला सगळं माहीत आहे."

बस्स, एवढंच. मग सभापतीची निवड, स्टीव्हन्सच्या पक्षाचा कोलफॅक्स 139, विरोधकांचा ब्रूक्स 36. आणि त्याच दिवशी पंधरा जणांच्या संयुक्त समितीचा ठराव: दक्षिणेतल्या राज्यांना आत घ्यायचं की नाही, हे ती समिती पाहणार.

मी तारखा पडण्याच्या धंद्यात आहे. पुकाऱ्याला नाव न निघणं म्हणजे काय असतं ते मला कुणी समजावून सांगायला नको. इथे मात्र न निघालेल्या नावांमागे अख्खी राज्यं होती.

19 जून

ज्युनियरला वाचायला दिलं. तिचं म्हणणं, "सर, हे लोकशाहीत बसतं का? निवडून आलेल्यांना दारातच अडवायचं?" रास्त शंका. माझं उत्तर तिला पटलं नाही, पण लेखात देतोय: त्या निवडणुकीत काळ्या माणसाला मत नव्हतं. साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपीत तर निम्म्याहून जास्त लोक काळे. कुणी कुणाला निवडलं, हा प्रश्न आधी.

24 जून

आकडेमोड. ही वाचकाला समजली नाही तर चौदावी घटनादुरुस्ती का आली तेच कळणार नाही, म्हणून इथे जागा देतो.

जुन्या घटनेत जागांचं वाटप करताना गुलाम हा तीनपंचमांश माणूस धरलेला. 1860 च्या शिरगणतीत गुलाम सुमारे 39.5 लाख. त्यातले 23.7 लाख मोजणीत यायचे. गुलामी संपली की प्रत्येक जण पुरता एक. म्हणजे मतदान न देता आणखी 15.8 लाख माणसं दक्षिणेच्या खात्यात जमा. हरलेल्या बाजूची ताकद हरल्यामुळे वाढणार! स्टीव्हन्सनं 18 डिसेंबर 1865 च्या भाषणात हिशेब मांडला: असंच चालू दिलं तर दक्षिणेच्या जागा 70 वरून 83, आणि मतदारांच्या प्रमाणात मोजलं तर 46. उत्तरेतले थोडे विरोधक त्यांना मिळाले की काँग्रेस त्यांची.

चौदाव्या दुरुस्तीचं दुसरं कलम यातून आलं: पुरुषांना मत नाकाराल तर तितक्या प्रमाणात जागा कमी. पहिलं कलम, नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण, हे मुख्यतः ओहायोच्या जॉन बिंगहॅमच्या हातचं. श्रेय स्टीव्हन्सच्या पदरात टाकायचं नाही. त्यानं ते समितीतून आणि सभागृहातून पार नेलं. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 14 मधले 'कायद्याचे समान संरक्षण' हे शब्द तिथूनच आलेत. रोज रिट याचिकांत ते टाइप करताना मलाही कधी लँकेस्टर आठवलं नव्हतं.

13 जून 1866 ला अंतिम मतदान, 120 विरुद्ध 32. पण त्याआधीचं त्याचं भाषण विजयाचं नाही. जुन्या इमारतीचे सगळ्यांत वाईट भाग डागडुजी करून घेण्यावर समाधान मानावं लागतंय, असं तो सरळ म्हणतो. काळ्यांना मताचा हक्क त्यात थेट नव्हताच. मग असा अपुरा मसुदा का स्वीकारलास? तर, "कारण मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही." हे वाक्य बाईंना पानावर मोठ्या अक्षरात हवंय. द्या.

30 जून

जमिनीचा भाग, जिथे तो हरला.

6 सप्टेंबर 1865, लँकेस्टरचं भाषण. बंडखोर राज्यांत 200 एकरांवर जमीन असलेले मालक सुमारे 70 हजार. राज्यांच्या मालकीची धरून त्यांच्याकडे 39.4 कोटी एकर. ती जप्त करा. मोकळ्या झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला 40 एकर द्या. दहा लाख पुरुष धरले तर 4 कोटी एकर. उरलेली 35.4 कोटी 10 डॉलरनं विका, 354 कोटी डॉलर येतील, त्यातून सैनिकांचं निवृत्तिवेतन, युद्धातली नुकसानभरपाई, राष्ट्रीय कर्जाचा भार. दक्षिणेतल्या दहांतल्या नऊ माणसांच्या केसालाही धक्का लागत नाही, असा त्याचा दावा. अख्खं भाषण एखाद्या दिवाणी दाव्यातल्या परिशिष्टासारखं आहे.

फेब्रुवारी 1866 मध्ये त्यानं जमिनीची तरतूद मतदानाला आणली. बाजूनं 37, विरोधात 126. स्वतःच्याच पक्षानं पाडलं. काळ्याला मत द्यायला तयार झालेले उत्तरेतले भांडवलदार मालमत्तेला हात लावायला तयार नव्हते. आज तिथली घेतली तर उद्या आमच्या गिरणीची पाळी. आपल्याकडे कूळकायद्याची भांडणं चाळीस-पन्नास वर्षं कोर्टात लढणारी माणसं मी पाहिलीत. सातबाऱ्यावर नाव नसेल तर मताच्या हक्काला गावात काय किंमत असते, ते त्या माणसांना विचारावं. दक्षिणेत पुढे वाटेकऱ्यांचं जे झालं, ते याच मतदानात ठरलं असं माझं मत आहे. इतिहासाचे प्राध्यापक थोडं सावरून बोलतील.

7 जुलै

लिडिया हॅमिल्टन स्मिथ. गेटिसबर्गच्या बाजूची, काळ्या-गोऱ्या मिश्र वंशाची विधवा, दोन मुलगे. 1840 च्या दशकाच्या अखेरीपासून 1868 पर्यंत लँकेस्टर आणि वॉशिंग्टनचं त्याचं घर तिनं चालवलं. तो अविवाहित. तेव्हाही कुजबुज होती, आजही आहे. ठोस पुरावा कुठल्याच बाजूनं नाही. मी चार ओळींत आटोपणार होतो, पण बाईंनी ठणकावलं: "तिच्याबद्दल लिहा, त्या दोघांबद्दल नको." बरोबर आहे. तर: तो आणि घरी येणारे पाहुणे तिला 'मिसेस स्मिथ' म्हणत, काळ्या बाईला तेव्हा हा मान दुर्मीळ. तिनं स्वतःच्या हिमतीवर घरं घेतली, भाड्यानं दिली. मृत्युपत्रात तिला वर्षाला 500 डॉलर किंवा एकरकमी 5,000 असा पर्याय होता, आणि त्याचं लँकेस्टरचं राहतं घर पुढे तिनंच विकत घेतलं. घराच्या आवारात एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला खोदकाम झालं, तेव्हा पाण्याचा जुना हौद सापडला. पळालेल्या गुलामांना त्यात लपवत असावेत असा संशोधकांचा कयास आहे.

14 जुलै

राष्ट्राध्यक्ष जॉन्सनवरचा महाभियोग थोडक्यात. 24 फेब्रुवारी 1868, प्रतिनिधिगृहात 126 विरुद्ध 47. सेनेटमध्ये 54 पैकी 36 हवे होते, 16 मे ला मिळाले 35. एका मतानं जॉन्सन वाचला. स्टीव्हन्स तोवर इतका खंगला होता, की दोन माणसं खुर्चीत बसवून त्याला उचलून आणत. स्वतःचं भाषण पुरं करवेना, उरलेलं सहकारी बेंजामिन बटलरनं वाचलं. खुर्ची वाहणाऱ्यांना तो म्हणे विचारायचा, "बाबांनो, तुम्ही मेल्यावर मला कोण उचलणार?" हे ठेवतो.

23 जुलै

शब्द तीन हजार सातशे. कात्री. 1838 ची राजकीय धुमश्चक्री गेली, त्यात तो सभागृहाच्या खिडकीतून उडी मारून सटकला होता ते वाईट वाटत कापलं. लोखंडाचा कारखाना मात्र ठेवला: जन्मजिल्ह्याच्या नावावरून कॅलेडोनिया. जून 1863 मध्ये गेटिसबर्गच्या लढाईच्या काही दिवस आधी दक्षिणेचा सेनापती जुबल अर्ली यानं तो मुद्दाम जाळला, आणि आपणच हुकूम दिल्याचं पुढे कबूलही केलं. कारखाना तोट्यात असूनही स्टीव्हन्सनं चालू ठेवला होता.

3 ऑगस्ट

शेवटचा भाग: मृत्यू आणि कागदपत्रं. चौदावी दुरुस्ती 28 जुलै 1868 ला घटनेचा भाग म्हणून जाहीर झाली, हा 11 ऑगस्टच्या रात्री गेला. कॅपिटॉलच्या घुमटाखाली पार्थिव ठेवलं, पहाऱ्याला काळे सैनिक. हा मान त्याआधी दोघांनाच, हेन्री क्ले आणि लिंकन. जिल्ह्यातल्या पक्षाच्या लोकांनी तर मेलेल्या माणसालाच पुन्हा उमेदवारी दिली.

दफनभूमीची जागा त्यानं घेतली होती, पण कागद वाचताना कळलं की तिथे काळ्यांना मज्जाव. जागा परत केली आणि श्राइनरच्या लहान दफनभूमीत घेतली, जिथे असली अट नव्हती. थडग्यावरचा मजकूर स्वतःच लिहून ठेवला: एकांताची आवड म्हणून इथे नाही, इतर दफनभूमींच्या सनदेत वंशाची बंधनं आढळली म्हणून इथे. मरतानाही कलम वाचून सही!

मृत्युपत्राचा मसुदा मी दोनदा वाचला, धंद्याची खोड. पीचमला आईच्या कबरीसाठी 500 डॉलर. व्याज तिथल्या राखणदाराला, पण दर वसंतात चारही कोपऱ्यांना गुलाब आणि इतर टवटवीत फुलझाडं लावली तरच. दारूच्या आहारी गेलेल्या पुतण्याला इस्टेट मिळायची ती टप्प्याटप्प्यानं: पाच वर्षं थेंबही घेतला नाही तर चौथाई, आणखी पाच वर्षं तशी काढली तर आणखी चौथाई, असं. तो काही वर्षांतच वारला. मग 50 हजार डॉलर अनाथ मुलांच्या आश्रमाला, वंश किंवा रंग पाहून भेद करायचा नाही, सगळ्यांनी एकाच टेबलावर जेवायचं. वारसांच्या कज्ज्यांतून वाट काढत 1905 मध्ये लँकेस्टरला शाळा निघाली. आज ते तंत्रशिक्षणाचं कॉलेज आहे, त्याच्याच नावाचं.

10 ऑगस्ट

लेख पाठवला. 3,040 शब्द, चाळीस बाईंनी माफ केले. शीर्षकावर अजून ओढाताण आहे: त्यांना 'देवदूतांत नाही' हवंय, मला 'पुकारा'. फोटोसाठी त्या काळचा छायाचित्रकार ब्रेडी याच्या स्टुडिओतला बसलेला फोटो निवडलाय, ओठ घट्ट मिटलेले, विग स्पष्ट कळतो. चॅरिटी बटलरचा परिच्छेद पहिल्या पानावरून आत ढकलू नये, हे पत्रात वेगळं लिहून दिलंय. ज्युनियरची शंका चौकटीत घ्यायची की नाही, ते प्रुफं आल्यावर.